बेस कॅम्पच्या वेळापत्रकात कोरे दिवस किती?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊन आलेल्या गोमंतकीयांवर पानभर मजकूर वाचला. फोटो सुरेख होते. त्याच पानाच्या तळाशी चौकटीत एक जाहिरात होती: गोव्याहून निघून गोव्यात परत, 13 दिवस, गाईडसह, अनुभवाची गरज नाही. ती वाचून मी भिंतीवरचे कॅलेंडर काढले आणि पेन्सिलीने रात्री मोजल्या. एक रात्र काठमांडू. मग विमानाने लुक्लाला उतरून फाकडिंग, नामचेत दोन रात्री, तेंगबोचे, दिंगबोचेत दोन, लोबुचे, गोरकशेप, आणि उतरताना फेरिचे, नामचे, लुक्ला. तेराव्या दिवशी लुक्लाहून काठमांडू आणि तिथून थेट घर. बसते. अगदी बरोबर बसते. एक दिवस जरी इकडचा तिकडे झाला, तर मात्र काहीच बसत नाही. गेल्या एप्रिलात माझे नेमके तेच झाले, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त परिचारिका. वय 61, राहणार कुर्टी, फोंडा. 34 वर्षे सरकारी नोकरीत रुग्णांचे रक्तदाब मोजले. बेस कॅम्पचे वेड निवृत्तीनंतरचे. तयारी म्हणाल तर वर्षभर केली. रोज पहाटे फर्मागुडीचा चढ, रविवारी पारोड्याच्या चंद्रनाथाच्या पायऱ्या दोनदा, एकदा सत्तरीत सोसोगड. पाठीवरच्या पिशवीत सहा किलो उकडे तांदूळ. शेजारीण एकदा म्हणाली, ‘रेशनचे दुकान घातले काय गो?’ पाय तयार झाले, दम वाढला, तीन किलो वजन उतरले. या तयारीला मी नावे ठेवत नाही, ती हवीच. पण गोव्यातला सगळ्यात उंच डोंगर सोसोगड, तो पावणेबाराशे मीटरच्या आतला. पाय तिथे घडवता येतात. विरळ हवेची सवय तिथे लागत नाही, महाबळेश्वरलाही लागत नाही. ती वर जाऊन, वर झोपूनच लागते.

लोक म्हणतात, वर ऑक्सिजन नसतो. असतो. हवेतला त्याचा वाटा तिथेही 21 टक्केच. घटतो तो हवेचा दाब, आणि 5,364 मीटरवरच्या बेस कॅम्पला तो आपल्या समुद्रकाठच्या साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे श्वास तेवढाच, माल निम्मा. शरीर त्याची तजवीज करते, पण सावकाश, आणि त्याला रात्री लागतात. दिवसा किती चढलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात हे महत्त्वाचे. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा फार वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस जास्तीचा त्याच गावात काढावा, असे डॉक्टर सांगतात. नामचे 3,440, तेंगबोचे 3,860, दिंगबोचे 4,410, लोबुचे 4,940. या आकड्यांची वजाबाकी करून पाहा. वरच्या दोन टप्प्यांत 500 ची मर्यादा आधीच ओलांडली जाते. तरी ते निभते, कारण दिंगबोचेत एक रात्र जास्तीची असते.

आमच्या गटाची ती रात्र काढून टाकण्यात आली.

कसे, ते सांगते. हंगामात काठमांडूहून लुक्लाची विमाने फारशी सुटत नाहीत. ती रामेछाप जिल्ह्यातल्या मन्थलीहून सुटतात, आणि तिथे पोचायला रात्री एकला उठून चार-पाच तास गाडीत बसावे लागते. आम्ही पहाटे तिथे पोचलो आणि बसून राहिलो. लुक्लाची धावपट्टी 527 मीटरची, डोंगराच्या उतारावर, एका टोकाला कडा आणि दुसऱ्या टोकाला भिंत. ढग असला की विमान जात नाही, आणि जाऊही नये. पहिला दिवस तसाच गेला, दुसराही गेला. तिसऱ्या सकाळी उडालो. यात कोणाचा दोष नाही. आमच्या आयोजकाचा दोष इतकाच, की त्याने परतीचे तिकीट आधीच काढून ठेवले होते आणि मध्ये एकही दिवस मोकळा ठेवला नव्हता. दोन दिवस कुठून तरी भरून काढायचे होते. एक दिंगबोचेतून काढला, दुसरा उतरणीतून काढायचे ठरले. गोव्याहून आमच्यासोबत आलेला गटप्रमुख म्हणाला, ‘तुम्ही सगळे फिट आहात, विश्रांती कशाला?’ आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तिथला गाईड तेवढा गप्प राहिला, आणि नंतर बाजूला घेऊन गटप्रमुखाशी बराच वेळ बोलत होता. नामचे ते लोबुचे, लागोपाठ तीन रात्रींत 1,500 मीटर. आपला सोसोगड समुद्रापासून मोजला तरी एवढा भरत नाही.

गटात मी सगळ्यांची सिस्टरकाकी. कोविडच्या दिवसांत घरोघरी आलेले ऑक्सिमीटर प्रत्येकाने बरोबर आणले होते आणि रात्री जेवणाच्या टेबलावर दहावीच्या निकालासारखे आकडे वाचले जायचे. तुझे 84, माझे 79, अरे तू नापास. मी ते आकडे वहीत लिहून घ्यायची. आता खरे सांगते, त्या वहीचा उपयोग फारसा नव्हता. बोटे गार पडली की यंत्र चुकीचे दाखवते, नखाला रंग असला तरी गडबड करते. आणि मुख्य म्हणजे आकडा बरा असून माणूस आजारी असू शकतो. लोबुचेत माझा आकडा 81 होता, आमच्या अकरा जणांत दुसरा नंबर.

त्या सकाळी दिंगबोचेहून निघतानाच डोके धरले होते. मी कोणाला न सांगता पॅरासिटामॉल घेतली, दुपारी पुन्हा एक. गाईडने वाटेत तीनदा विचारले, ‘दिदी, टाउको दुख्यो?’ आणि मी तीनदा हसून नाही म्हणाले. एवढी वर्षे मी रुग्णांवर डाफरले आहे, की लपवू नका, दोतोराला खरे सांगा. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा? पैसे भरले होते, भाच्याने निरोपाला हार घातला होता, गटातली पोरे तिशीतली होती, आणि बेस कॅम्प उद्यावर आला होता. ही कारणे लिहिताना आता लाज वाटते.

लोबुचेच्या लॉजच्या अंगणात मी जॅकेटची चेन लावत होते. लागत नव्हती. खालचे टोक खाचेत घालायचे, एवढेच, आणि ते मला काही केल्या जमेना. थंडीने बोटे वळत नसतील असे वाटले. गाईड समोर चहाचा कप घेऊन उभा होता. त्याने कप कठड्यावर ठेवला आणि अंगणातल्या फरशांच्या मधली रेघ दाखवून म्हणाला, ‘दिदी, या रेघेवरून चाला. टाचेला बोटे लावून, दहा पावले.’ ती चाचणी मला पाठ आहे. मेंदूला सूज येऊ लागली की आधी तोल जातो, म्हणून ती घेतात. मी स्वतः ती कितीतरी रुग्णांना करायला लावली आहे. मनात म्हटले, मला शिकवतो हा. चौथ्या पावलाला डावा पाय रेघेबाहेर गेला, पाचव्याला मी भिंतीकडे कलंडले, आणि हात टेकला तो भिंतीवर वाळत घातलेल्या याकच्या शेणीवर.

गटप्रमुखाचे म्हणणे पडले, की रात्रभर झोपू दे, सकाळी बघू, नाहीतर हेलिकॉप्टर आहेच. गाईड म्हणाला, दुपारनंतर ढग आहेत, आज हेलिकॉप्टर येणार नाही, आणि रात्री वाढले तर अंधारात हिला खाली कोण नेणार? आता ती चालू शकते, तेव्हा आताच उतरायचे. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढलेला ऐकला. एक सहायक गाईड आणि माझी बॅग वाहणारा पोर्टर यांच्याबरोबर मी सव्वातीनला उतरायला लागले. थुक्लाच्या खिंडीत एव्हरेस्टवर गेलेल्यांची दगडी स्मारके आहेत. येताना तिथे आम्ही सगळ्यांनी फोटो काढले होते. जाताना भुरभुर बर्फ पडत होते आणि मी पोर्टरच्या खांद्याला धरून होते. सहाशेक मीटर खाली फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, 1973 पासूनचा. तिथे हंगामात स्वयंसेवक डॉक्टर येऊन राहतात. त्यांनी ऑक्सिजन लावला, सूज उतरवणारे डेक्सामेथासोन दिले आणि फक्त एकच प्रश्न विचारला, डोके केव्हापासून दुखते आहे? या वेळी खरे सांगितले. सकाळी उठले तर डोके हलके, भूक लागलेली. दोन तिबेटी रोट्या खाल्ल्या. त्याच वेळी आमच्यातले आठ जण वर तिरंगा धरून उभे होते. उरलेल्या दोघांपैकी एकाला लोबुचेतून घोड्यावर बसवून खाली आणावे लागले. तो रक्तदाबाच्या गोळ्या घेतो हे तेव्हा कळले. आरोग्याच्या फॉर्मवर त्याने सगळीकडे ‘नाही’ लिहिले होते. त्या फॉर्मवर सही-शिक्का कसा मिळतो हेही मला ठाऊक आहे. माझ्या फॉर्मवरची सही ओळखीतल्या एका डॉक्टरने मला खुर्चीवर बसायला न सांगताच केली होती.

हे सगळे मी कोणाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. ज्यांना जायचे आहे त्यांनी जरूर जावे. फक्त पैसे भरण्याआधी आयोजकाला दोन-चार गोष्टी विचाराव्यात, आणि त्यातली पहिली किंमत नसावी. वेळापत्रकात कोरे दिवस किती, हे आधी विचारा. नामचेची आणि दिंगबोचेची दुसरी रात्र मी कोरी धरत नाही, ती औषधाची रात्र. त्याशिवाय लुक्लाच्या ढगांसाठी निदान दोन दिवस, शक्य असेल तर तीन. आणि विमान उशिरा आले तर दिवस कुठून कापणार, हे लेखी मागा. ‘बघू तेव्हा’ असे उत्तर आले तर ते दिंगबोचेतूनच कापणार असे समजा. खाली उतरायचे हा शब्द कोणाचा अंतिम, गोव्याहून आलेल्या प्रमुखाचा की तिथल्या गाईडचा, हेही विचारा. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा तिथल्या माणसाने आवाज चढवला म्हणून मी वाचले. तो गप्प बसला असता तर?

विम्याबद्दल थोडक्यात. माझ्या पॉलिसीवर मोठ्या अक्षरात ‘ट्रेकिंग समाविष्ट’ होते आणि आत बारीक अक्षरात 4,000 मीटरच्या वरचे सगळे वगळले होते. हेलिकॉप्टर खरोखर आले असते तर त्याचे बिल कुर्टीच्या घरावर आले असते. उलट बाजूही आहे. जरा डोके दुखले की हेलिकॉप्टर बोलावून विमा कंपन्यांना लुटण्याच्या प्रकारांची नेपाळ सरकारने 2018 मध्ये चौकशी केली होती. तेव्हा कोणी ‘विमा आहे ना, मग काळजी कशाला’ म्हणू लागला की सावध व्हावे.

डायमॉक्सबद्दल फोनवर मला फार जण विचारतात. ती गोळी शरीराला वर रुळायला मदत करते. तेवढेच. लवकर चढायचा परवाना म्हणून ती घेऊ नये. सल्फाची ऍलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार लागते आणि सोडा बेचव लागतो. एकदा घरी असतानाच घेऊन पाहावी, म्हणजे वर गेल्यावर मुंग्यांनी घाबरायला होत नाही.

कागदपत्रांत आपल्या गोव्याची एक खास अडचण आहे, म्हणून लिहिते. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते, आपल्या वयाच्या माणसांनी विमानतळावर नुसते आधार कार्ड घेऊन जाऊ नये. पण आपल्याकडे घरटी एक तरी पोर्तुगालचा पासपोर्ट. आमच्या गटात एक तरुण तसा होता. त्याला काठमांडूत व्हिसा घ्यावा लागला, आणि सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाच्या दारात आम्ही 1,500 नेपाळी रुपये भरले तिथे त्याला 3,000. शिवाय त्याने स्वस्तातला 15 दिवसांचा व्हिसा घेतला होता. विमाने आणखी तीन दिवस अडली असती तर पंधरावा दिवस उलटून दंड बसला असता. अशांनी 30 दिवसांचाच घ्यावा. आपले 100 रुपये म्हणजे तिथले 160, एवढे हिशेबाला पुरते.

आणि जेवण. नामचेच्या वर मटण-चिकन खाऊ नये, मासळीची तर आठवणही काढू नये. उद्यानाच्या परिसरात प्राणी मारत नाहीत, मांस खालून माणसांच्या पाठीवर दिवसच्या दिवस चढून येते. ‘दाल भात पावर, ट्वेंटी फोर आवर’ असे छापलेले सदरे तिथे दुकानादुकानात लटकतात, ते खरेच आहे. शीत-कढीवर वाढलेल्या माणसाला डाळ-भात जड जात नाही, आणि दुसऱ्यांदा वाढायला तिथे कोणी नाही म्हणत नाही. मी सोबत आमसुले नेली होती. गरम पाण्यात मीठ-आमसूल घालून गटातल्या पोरांना दिले, तेव्हा सिस्टरकाकीचा भाव वधारला.

पोर्टरबद्दल पुरवणीतल्या लेखात एक ओळही नव्हती. फोटोखाली मात्र ‘आमचे शेर्पा’ असे लिहिले होते. बोजा उचलणारा प्रत्येक जण शेर्पा नसतो. शेर्पा हा त्या खोऱ्यात राहणारा समाज आहे. आमचा गाईड राई समाजाचा होता, आणि माझी बॅग वाहणारा मुलगा ओखलढुंगा जिल्ह्यातला, जेमतेम 19 चा. त्याचे गाव खालचे. उंचीची सवय त्यालाही माझ्याइतकीच नवी, आणि त्याला डोके दुखते का असे कोणीही विचारत नव्हते. दोन पाहुण्यांमागे एक पोर्टर, दोघांच्या बॅगा मिळून 30 किलोंच्या आत, असे आम्हाला सांगितले होते. नामचेत मी दुकानदाराच्या काट्यावर त्याचा बोजा ठेवायला लावला. 37 भरले. दोघांनी गुपचूप जादा सामान कोंबले होते. त्यातली एक मी. दीड किलो शेव-चिवडा आणि हेअर ड्रायर. तो ड्रायर मी नामचेच्या लॉजवालीला देऊन टाकला. तुमच्या पोर्टरचा विमा आहे का, हा प्रश्न गोव्यात परतल्यावर मी आयोजकाला विचारला, तेव्हा तो म्हणाला, ते काठमांडूवाले बघतात.

मी पुन्हा जाणार आहे. घरचे नाही म्हणतात, पण कान बंद ठेवले आहेत. या वेळी दिवाळीचे फोव खाऊन निघायचे, म्हणजे नेपाळातले दशैं आणि तिहार दोन्ही होऊन जातात, गाईड-पोर्टर घरचा सण करून आलेले असतात. नोव्हेंबरात थंडी जास्त, पण आभाळ मोकळे. त्याच गाईडशी थेट बोलले. त्याने विचारले, दिदी, या वेळी खरे बोलणार ना? मी हो म्हटले. परतीचे तिकीट अजून काढलेले नाही. काठमांडूत पोचल्यापासून 19 दिवस धरले आहेत, त्यात तीन कोरे, आणि दिंगबोचेत दोनऐवजी तीन रात्री. काल एक ओळखीचे गृहस्थ, तेही याच सुमारास जाणारे, घरी आले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून म्हणाले, ‘सिस्टर, हे तीन चौकोन रिकामे का? इथे पोखऱ्याची सहल बसेल की!’ त्यांना मी चहा दिला, आणि त्यांचे वेळापत्रक मागून घेतले आहे. संध्याकाळी पेन्सिल घेऊन बसते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
कुर्टी, फोंडा
(नाव व पत्ता संपादकांकडे)